तीन मासे सहा गुंजा

(१९७५ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'नाणी'. कारण उघड आहे. मेळावा सुवर्णमहोत्सवी, आणि वर्गात सोनाराचा पोरगा मी एकटाच. शिवाय बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या नाण्यांच्या नादाला लागलोय हे आपल्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. रोज सकाळी तुमच्या गुलाबाच्या फुलांमध्ये माझं एखादं कुषाण नाणं येऊन पडतं, आणि त्याला कोणी साधा अंगठाही दाखवत नाही. (हशा) आज मात्र तुम्हाला उठून जाता येणार नाही. जेवण माझ्यानंतर आहे.

आपली तुकडी नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली. आपल्याबरोबरच जुन्या अकरावीची मुलंही परीक्षेला होती आणि आपल्याला सगळे 'कच्चे मॅट्रिक' म्हणायचे. त्या कच्च्या मॅट्रिकांपुढे मी आज दोन शोधांबद्दल बोलणार आहे. एक भरतपूरला लागला, तो पुस्तकांत आहे. दुसरा आपल्या गावात लागला, तो फक्त पाच माणसांना ठाऊक होता. त्यातली तिघं आता नाहीत. उरलेले दोघं या सभागृहात बसलेत. एक मी. दुसऱ्याची परवानगी घेऊनच बोलतोय, पण नाव सांगणार नाही. त्याला सांगायचं तर तो सांगेल.

आधी भरतपूर.

१७ फेब्रुवारी १९४६. तेव्हा भरतपूर हे संस्थान होतं, आता तो राजस्थानातला जिल्हा आहे. तिथे बयाणा नावाचं जुनं गाव आहे आणि त्याच्या जवळ नगला छैला नावाची छोटी वस्ती. त्या दिवशी भरतपूरचे महाराज त्या बाजूला शिकारीला आले होते. शिकार आटोपून ते गेले, आणि वस्तीतली पोरं रिकामी काडतुसं वेचायला रानात पळाली. आपण लग्नाच्या वरातीमागून न फुटलेले फटाके वेचायचो ना, तसंच. काडतुसं शोधता शोधता त्यांना एका बांधाशी मातीतून वर आलेला तांब्याच्या भांड्याचा काठ दिसला. भांडं सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं होतं. सुमारे २१०० नाणी.

पुढे काय झालं असेल ते आपल्या गावावरून ओळखा. नाणी वाटली गेली. काही घरात लपली, काही सोनाराकडे गेली. संस्थानच्या कानावर बातमी जाऊन शिपाई येईपर्यंत अडीचशे-तीनशे नाणी वितळून गेलेली होती. सरकारच्या हाती लागली ती १८२१.

ही १८२१ नाणी अभ्यासायला मिळाली ती आपल्या माणसाला. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकव्याचे, जन्म १८९८ चा. उभी हयात काशी आणि पाटण्याला प्राचीन इतिहास शिकवण्यात गेली. राष्ट्रकूटांवरचा त्यांचा ग्रंथ अजून वाचला जातो. बयाण्याच्या नाण्यांची त्यांनी केलेली सूची १९५४ साली प्रसिद्ध झाली. मुंबईला बदली होती तेव्हा मी ती एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून वाचली. म्हणजे वाचली कसली, वहीत उतरवून घेतली. शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. टाउन हॉलच्या त्या पायऱ्या चढायच्या आणि एकेक पान पुढे सरकायचं. हिशेब तपासणाऱ्या माणसाला असलं पुस्तक फार आवडतं, कारण त्यात बेरीज जुळते.

पहिल्या चंद्रगुप्ताची १०. समुद्रगुप्ताची १८३. काच नावाच्या राजाची १६. दुसऱ्या चंद्रगुप्ताची, ज्याला आपण विक्रमादित्य म्हणतो त्याची, ९८३. कुमारगुप्ताची ६२८. आणि स्कंदगुप्ताचं एक. करा बेरीज. आपल्या गणिताच्या बाई पुढच्याच रांगेत आहेत, म्हणून मी घरून दोनदा करून आलोय. (हशा)

आता तुम्ही म्हणाल, नाणी ती नाणी, त्यात अभ्यास कसला? मलाही आधी तसंच वाटायचं. आपल्या घरात जुनं नाणं म्हणजे आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ. तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे की ती मूळची पुतळी म्हणजे इटलीतल्या व्हेनिस शहराचं नाणं? व्यापाऱ्यांबरोबर ती इकडे आली, सोनं चोख म्हणून बायकांनी गळ्यात घातली. त्यावर तिथला राज्यप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असतो. आपल्या आज्यांनी त्यालाच देव समजून हळदीकुंकू वाहिलं. आमच्याकडे पुढे त्याच नमुन्यावर देशी पुतळ्या पाडायला लागले.

गुप्तांचं नाणं मात्र खरोखर वाचायची वस्तू आहे. पहिल्या चंद्रगुप्ताच्या नाण्यावर तो आणि त्याची राणी कुमारदेवी समोरासमोर उभे आहेत. ती लिच्छवींची मुलगी, आणि नाण्यावर तिच्या माहेरचंही नाव आहे. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी सासरच्या नाण्यावर माहेरचं नाव! समुद्रगुप्त एका नाण्यावर मांडीवर वीणा घेऊन बसलाय, दुसऱ्यावर वाघ मारतोय, तिसऱ्यावर अश्वमेधाचा घोडा. कुमारगुप्त घोड्यावरून गेंडा मारतोय. कडेने ब्राह्मी लिपीत संस्कृत ओळी, त्याही वृत्तात. हे सगळं पुढेमागे आठ ग्रॅमच्या तुकड्यावर, रुपयापेक्षा लहान जागेत.

आणि तो काच. हा राजा कोण, कोणालाच नक्की सांगता येत नाही. शिलालेखात नाही, ताम्रपटात नाही. त्याचा पुरावा म्हणजे फक्त त्याची नाणी. कोणी म्हणतं समुद्रगुप्ताचंच ते दुसरं नाव, कोणी म्हणतं भाऊबंद असावा. एक अख्खा राजा सोन्याच्या काही चकत्यांवर टिकून आहे. त्या सोनाराच्या मुशीत गेल्या असत्या तर तो राजा झालाच नसता.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच दोन नाण्यांबद्दल. दोन्ही एकेकटी.

चंद्रगुप्त विक्रमादित्याच्या ९८३ नाण्यांत बहुतेक धनुर्धारी आहेत, राजा धनुष्य घेऊन उभा. काही सिंह मारणारी, काही घोडेस्वार. आणि त्यांत एक, फक्त एक, वेगळंच. एक मोठं चक्र, त्यात उभा दिव्य पुरुष. कोणी त्याला विष्णू म्हणतं, कोणी चक्रपुरुष. समोर राजा. तो पुरुष राजाच्या हातात तीन गोल वस्तू देतोय. मागच्या बाजूला देवी आणि अक्षरं: चक्रविक्रमः. असं नाणं त्याआधी कोणीही पाहिलेलं नव्हतं. त्या तीन गोल वस्तू म्हणजे काय, त्रैलोक्य की राजाच्या तीन शक्ती, यावर अजून विद्वान भांडतात. १८२१ मध्ये एक.

दुसरं एकटं ते स्कंदगुप्ताचं. ते दिसायला काही विशेष नाही. पण सबंध साठा कधी पुरला गेला हे कशावरून ठरलं? त्या एकावरून. स्कंदगुप्त गादीवर आल्यावर त्याची नाणी नुकती बाजारात येऊ लागली होती, तेव्हा कोणीतरी हे भांडं जमिनीत पुरलं. तो काळ हूणांच्या धामधुमीचा. अळतेकरांनी तसा अंदाज बांधला: घरदार सोडून पळायची वेळ आलेल्या माणसाने परत यायच्या आशेने पुरलं असेल आणि परत आला नसेल. ते एक नाणं हरवलं असतं तर आपण बिनदिक्कत म्हटलं असतं, हा साठा कुमारगुप्ताच्या वेळचा. कोणाला चूक समजलीही नसती.

आता मला रात्री झोपू न देणारा हिशेब सांगतो. वितळलेल्या अडीचशे-तीनशे नाण्यांत काय होतं? धनुर्धारीच असतील बहुतेक, आधीच शेकड्यांनी आहेत तशी. त्यांचं काही मोठंसं गेलं नाही. पण आणखी एखादा चक्रविक्रम होता का? आणखी एखादा काच, ज्याचं नावही आपण ऐकलेलं नाही? सोनाराने मुशीत टाकलं तेव्हा त्यालाही कळलं नसणार. त्याच्या तराजूत सगळी सारखीच.

ती कशी गेली असतील हे मला कोणी सांगायला नको. मी ते डोळ्यांनी पाहिलंय, वयाच्या तेराव्या वर्षी, आपल्याच गावात.

बहात्तरचा दुष्काळ तुम्हाला वेगळा सांगायला नको. तो आपण त्र्याहत्तरच्या जूनपर्यंत भोगला. मिलोच्या लाल भाकरी, शाळेत सुकडी, आणि माळावरच्या पाझर तलावाचं काम. आपल्यापैकी निम्मे जण रविवारी तिथे मातीच्या पाट्या टाकायला जायचे. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-तीन रुपये पडायचे. आपण आठवीत होतो. इतिहासाचे सर त्या दिवसांत एक गोष्ट शिकवून गेले, ती तुम्हाला आठवते का बघा. त्यांनी दहा पैशाचं नाणं कागदाखाली ठेवलं, पेन्सिल आडवी धरून वरून हलक्या हाताने घासली, आणि कागदावर नाणं उमटलं. सगळ्या वर्गाने मग आठवडाभर वह्यांवर दहा पैसे छापले. तेव्हा सर म्हणाले होते, "तलावावर खोदकाम चाललंय. खापर, मणी, नाणं, काहीही सापडलं तर फेकू नका. मला आणून दाखवा."

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, रात्री जेवणं झाल्यावर, आमच्या दुकानाच्या मागच्या दाराशी एक जण आला. माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचे वडील. बरोबर मित्र. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोलीच, सगळ्यांना माहीत आहे. काकांनी उपरण्याच्या गाठीतून एक वस्तू काढून नानांपुढे ठेवली. नाना म्हणजे माझे वडील.

अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं, पातळ, आणि बशीसारखं मधे किंचित खोलगट. मागून कोरं. पुढून मधोमध कमळ आणि भोवती वेगवेगळे ठसे मारलेले. माती अजून ठशांत अडकलेली होती.

"तळ्यावर घावलं," काका म्हणाले. "नाना, आजच काय ते करा. मुकादमाच्या कानावर गेलं तर हातचंबी जाईल आन् काम बी जाईल."

नानांनी ते कसोटीवर ओढलं, कस बघितला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तराजूत टाकलं. तीन मासे सहा गुंजा. ग्रॅम येऊन दहा वर्षं झाली होती, पण रात्रीच्या धंद्याला नाना गुंजाच वापरायचे.

नानांबद्दल इथे दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर तुम्ही त्यांना बयाण्याचा तो सोनार समजाल. नाना कागदाला फार भ्यायचे. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, तेव्हा आमचं दुकान कित्येक महिने बंद होतं. ज्या हाताने नथीत मोती ओवायचा त्या हाताने नानांनी लोकांच्या शेतात ज्वारी काढली. पुढे १९६८ चा कायदा आला. इन्स्पेक्टर येऊन वह्या बघायचा. नाणं जसंच्या तसं दुकानात ठेवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने बेडी ठेवणं. आणि परत न्या म्हणून सांगावं, तर समोरच्या माणसाच्या गोठ्यात दोन बैल उपाशी उभे होते. त्या उन्हाळ्यात बैल काय भावाने जात होते हे शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. खाटकालासुद्धा जड झाले होते.

नाना म्हणाले, "आटवावं लागेल."

काका म्हणाले, "आटवा."

नाना बागेसरीसाठी कोळसे आणायला आत गेले. नाणं कसोटीजवळ पडलेलं. काका दाराबाहेर कोणी आहे का ते बघत होते. मी कंदिलाशी गणिताची वही घेऊन बसलो होतो. मी मागचं पान फाडलं, नाण्यावर ठेवलं आणि पेन्सिल आडवी धरून घासली. माझा मित्र माझ्याकडे बघत होता. तो काही बोलला नाही. कागद सरळ बसेना, कारण नाणं खोलगट. एक बाजू चांगली उमटली, दुसरीकडे पेन्सिल नुसतीच घसरली. नानांची पावलं ऐकू आली तसा मी कागद वहीत सारला.

मग नाणं मुशीत गेलं. वर टाकणखाराची चिमूट. नाना फुंकणी घेऊन बसले. सोनं आटताना मी शंभर वेळा पाहिलं होतं, पण ते मोडीतल्या बाळ्यांचं, अंगठ्यांचं. त्या रात्री पहिल्यांदा मी काय जातंय ते बघत होतो. आधी कडा गोल होतात. मग ठसे मऊ पडतात, जसा पाण्यात बोट फिरवल्यावर रांगोळीचा रंग सरकतो. कमळ सगळ्यात शेवटी गेलं, कदाचित ते खोल मारलेलं होतं म्हणून. मग एकदम सगळं ओढलं जाऊन एक गोळी झाली, थरथरणारी, हिरवट झाकेची. सोनं पातळ झालं की त्यात तशी हिरवी झाक दिसते. नानांनी मूस हलवली आणि फुंकणी खाली ठेवली.

ऐंशी रुपये दिले. घट धरली नाही, मजुरी घेतली नाही. ती वही माझ्याकडे आहे. 'मोड ३ मा. ६ गुं., रु. ८०.' नाना प्रत्येक नोंदीला नाव लिहायचे. या एका नोंदीत नावाच्या जागी आडवी रेघ आहे.

त्या ऐंशी रुपयांचा कडबा आला. पेंढ्या जपून, ओल्या करून, तोडून घालत त्या माउलीने, माझ्या मित्राच्या आईने, जूनपर्यंत बैल ओढले. पाऊस पडला तेव्हा त्यांच्या आळीत पेरणीला बैल असलेली घरं मोजकीच होती. ज्यांचे बैल गेले त्यांच्यातले किती जण मुंबईला गेले आणि किती परत आले, तुम्हीच बघा. आपला आठवीचा पट आणि दहावीचा पट शेजारी शेजारी ठेवून बघा. संयोजकांनी स्मरणिकेसाठी दोन्ही मिळवले आहेत. माझा मित्र दहावीच्या पटावर आहे.

पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं, "काय रे, कोणाला काही सापडलं का?" एकाने खापर आणलं होतं. एकाने सोडावाटरच्या बाटलीतली काचेची गोटी आणली, आणि ती शिवकालीन आहे असं तो शपथेवर सांगत होता. (हशा) होय, तूच. माझा कागद कंपासपेटीत होता, झाकणाखाली घडी करून. हात पेटीवर होता. मित्राने माझ्याकडे बघितलं. मी हात काढून घेतला.

सर, तेव्हा मला वाटलं नानांना पोलीस नेतील. नंतर कॉलेजला गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग. त्यानंतर लाज वाटायला लागली, आणि ती सर्वांत जास्त टिकली.

तो कागद मी घेऊन हिंडलो. आठ बदल्या झाल्या. मुंबईला असताना रिझर्व्ह बँकेने फोर्टात मुद्रा संग्रहालय सुरू केलं. कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, सहज आत शिरलो. एका कपाटापुढे पाय थांबले. खोलगट बशी, मधे आठ पाकळ्यांचं कमळ, मागची बाजू कोरी. खाली चिठ्ठी: देवगिरीचे यादव, पद्मटंक. मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला.

देवगिरी इथून एसटीने तीन तासांवर. आणि मी गुप्तांच्या मागे राजस्थानपर्यंत हिंडत होतो.

पद्मटंकावर मधल्या कमळाभोवती जे ठसे असतात त्यात 'श्री' असतं, शंखासारखी चिन्हं असतात, आणि राजाचं नाव असतं. सिंघण, कृष्ण म्हणजे कान्हर, महादेव, रामचंद्र. घरी येऊन कागद काढला. कमळाच्या सहा पाकळ्या स्पष्ट, दोन पुसट. एक 'श्री' अगदी लख्ख. शंख असावा असं एक वळण. आणि नाव जिथे असायला हवं ती नेमकी ती बाजू, जिथे पेन्सिल घसरली होती.

आता प्रामाणिकपणे सांगतो. पद्मटंक म्हणजे काही चक्रविक्रम नव्हे. असे पुष्कळ सापडलेत, संग्रहालयांत आहेत, लिलावात येतात. आपलं नाणं त्यांच्यासारखंच एक असेल, म्हणजे आणखी एक धनुर्धारी. किंवा रामचंद्राचं असेल, म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या काळात कोणाच्या तरी कनवटीला असलेलं. किंवा असं काही असेल जे अजून कोणाच्याच सूचीत नाही. आठ-नऊ वर्षं मी त्या घसरलेल्या रेघांकडे भिंगातून बघतोय. काही दिवस तिथे 'म' दिसतो. सर्दी झाली की 'स' दिसतो.

मागच्या वर्षी मी मित्राला फोन केला आणि पहिल्यांदा हे सगळं बोललो. बावन्न वर्षांत आम्ही दोघांनी या गोष्टीचा शब्द काढला नव्हता, पोरांच्या लग्नांत एकमेकांना आहेर केले तरी. मी त्याला कायदाही सांगितला. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. कोणी जुना मालक पुढे आला नाही तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. आणि सरकारला ती वस्तूच ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे कायद्याने पैसेही मिळाले असते, आणि नाणंही राहिलं असतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिवसांत?"

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. मी काय उत्तर देणार?

मग तो म्हणाला, "तुझ्या त्या कमळानं आमचे बैल जगले. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुला वाटत असेल तर वाटू दे, पण आबांना त्यात धरू नको. आणि तुझ्या नानांनाही नको." थोडं थांबून म्हणाला, "तो कागद आहे अजून? मला एकदा बघायचाय. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात नीट दिसलंच नाही."

आज सकाळी मी त्याला दाखवला. बराच वेळ बघून तो म्हणाला, पाकळ्या सात आहेत. मी म्हटलं आठ. त्यावरून आमचं भांडण झालं आणि चहा गार झाला.

सर, तुम्ही पुढच्या रांगेत बसला आहात. त्र्याहत्तर साली तुम्ही विचारलं होतं, कोणाला काही सापडलं का. माझ्याकडे होतं. उशीर झाला, पण आणलंय. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिकडे स्मरणिकेच्या टेबलावर ठेवलंय, शेजारी भिंगही आहे. उजवीकडच्या त्या घसरलेल्या रेघांत अक्षर कोणतं वाटतं ते तुम्ही आधी बघा, मग बाकीच्यांनी. वहीत प्रत्येकाने आपापलं अक्षर लिहायचंय, पुढे सहीसकट. आणि एक विनंती, जेवणाच्या आधी बघा. मेन्यूत कढी आहे.